आमच्या अबोल्याची परदेशी परीक्षा

२००६ साली मी अडुसष्ट वर्षांचा होतो आणि शेजारच्या इस्माईलशी माझा अबोला ऐन भरात होता. तेव्हा ती पोलंडची पोरगी आमच्या पूर्णगडात आली. तिला काहीही सांगा, मान जरा वाकडी करून ऐकायची आणि शेवटी विचारायची, "बरं. आणि पलीकडचे काय म्हणतील?"

मी सांगितलं, "पलीकडचा माझ्याशी बोलत नाय."

"म्हणून तर आले," ती म्हणाली.

मराठी ती पुण्यात शिकलेली, त्यामुळे आमच्यापेक्षा शुद्ध. तिची डिग्री मात्र अजब. दोन वर्षं, तीन देश, तीन विद्यापीठं आणि शेवटी कागद एकच. मी चौथी नापास. एका मास्तराने माझी पुरेवाट केली, ही तीन देशांचे मास्तर कशी सोसत होती कोण जाणे. विषय काय, तर निरनिराळ्या मुलखांतली माणसं न बोलता शेजारी कशी राहतात. एक भांडण तिने पोर्तुगालात तपासलं होतं. दुसऱ्यासाठी रत्नागिरीत कुणीतरी आमचं नाव सुचवलं. खोटं कशाला सांगू, मी दाढी करून बसलो होतो.

भांडण साधं. दोन आवारांमधला जांभ्या दगडाचा गडगा पावसात पडला. मी म्हणतो, त्याच्या फणसाच्या फांदीने. तो म्हणतो, माझ्या म्हशीने. आता जो पहिला दगड उचलील त्याने चूक कबूल केली. म्हणून गडगा पडलेलाच, आणि म्हैस दोन्हीकडे चरते. तुमच्याही वाडीत असं एखादं असेलच.

ती सकाळी माझ्या ओटीवर, दुपारी त्याच्या. इस्माईल जुना खलाशी, पाहुणचारात वस्ताद. "चाचांकडची खीर फार छान होती," असं ती एकदा म्हणाली मात्र, मी घरात रस-घावणे करायला लावले. थोड्याच दिवसांत तिचा कुडता तिला होईना.

माझ्या बायकोला तिने विचारलं, "आजी, तुम्ही पलीकडे बोलता?"

"रोज. विहीर एकच हाय."

हे मला तेव्हा कळलं. "मला सांगितलं नाहीस ते?"

"तुम्ही विचारलंत कधी?"

जायच्या दिवशी पोरगी रडकुंडीला आली. विद्यापीठाचा नियम असा, की लिहिलेलं आम्हा दोघांना समोरासमोर वाचून दाखवायचं आणि दोघांनी 'हो' म्हणायचं. नाहीतर आमचं अख्खं प्रकरण बाद आणि तिचं वर्ष फुकट.

"त्याच्या ओटीवर मी चढणार नाय," मी म्हटलं.

"बोलावलाय कुणी?" पलीकडून आवाज आला.

शेवटी आपापल्या हद्दीत दोन खुर्च्या टाकल्या. मधे दगडांवर ती. वाचू लागली, "पहिले गृहस्थ अत्यंत हट्टी आहेत."

"बरोबर," मी म्हटलं.

"दुसरे गृहस्थ त्यांच्याहून थोडे कमी."

"कमी?" इस्माईल उठला. "खोड ते. इतके पावसाळे गेले, एक दगड उचलला नाय मी."

"कमरेत जोर नको?" मी म्हटलं.

"तुझ्या हाय? म्हशीमागनं धावताना बघतो की."

पोरगी हळूच म्हणाली, "तुम्ही बोलताय."

"बोलत नाय," आम्ही दोघेही म्हणालो, "भांडतोय."

खोडलं तर मी 'हो' म्हणणार नव्हतो, ठेवलं तर तो. आणि नमतं घेईल तोच कमी हट्टी, हे दोघांनाही ठाऊक. एसटीची वेळ होत आली. पोरीने प्रश्न विचारायचे थांबवले होते. खाली मान घालून दगडावरचं शेवाळ नखाने खरवडत बसली होती. नाक लाल झालेलं.

"लिही," मी म्हटलं, "हा माझ्याहून हट्टी. माझं हो."

इस्माईलने ऐटीत आपलं 'हो' दिलं. तिने आम्हा दोघांना वाकून नमस्कार केला आणि सामान घेऊन पळाली. एसटीच्या मागल्या खिडकीत तिचा हात दिसला, मग वळणावर तोही दिसेना.

पुढे ती पास झाली, असं कळलं. पण त्या संध्याकाळी मला जेवण गेलं नाही. मी कमी हट्टी, हे आता तीन देशांत लोक वाचणार होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चूळ भरली, टोपी घातली, इस्माईलच्या ओटीवर जाऊन बसलो आणि त्याला म्हणालो, "काल मी बोललो ते खोटं होतं. चहा सांग, मग समजावतो."