सुनेत्राची अमावास्या

सुनेत्राच्या पायाला भिंगरी आहे असं तिच्या सासूबाई, मनोरमाबाई, म्हणत आणि ते काही कौतुकाने म्हणत नसत. जर्मनीतल्या येना शहरात, भिंगांच्या कारखान्यात ती दिवसभर एका खुर्चीत बसून काचेवरचे ओरखडे शोधी. साठलेली सगळी चुळबूळ मग संध्याकाळी घरात बाहेर पडे. फोडणी टाकून ती बाल्कनीत आकाश बघायला जाई आणि परत येईतो मोहरी करपलेली असे. नवरा, नागेश, मुकाट्याने खाई. लेक अवनी तेवढी जर्मनमधून आईला बसायला सांगे.

ती बसे फक्त एका ठिकाणी, ब्रांडेनबुर्गातल्या वाळवंटात. जर्मनीत कसलं आलंय वाळवंट, असं पुण्याचे नातेवाईक हसत, पण आहे. जुन्या सैन्याच्या रणगाड्यांनी वर्षानुवर्षं तुडवून तिथे नुसती वाळू ठेवली आहे, आणि आसपास दिवा म्हणून नाही. हौशी आकाशनिरीक्षकांच्या फेराइनतर्फे, म्हणजे मंडळातर्फे, सुनेत्रा तिथे ताऱ्यांचे फोटो काढायला शिकवी. हवा मात्र महाबिलंदर. दुपारी लख्ख ऊन, संध्याकाळी वाळूची वावटळ आणि दिवस मावळला की न बोलावता आलेले ढग. यंदाच्या दोन कार्यशाळा अशाच बुडाल्या होत्या. तिसरीही बुडाली तर पुढच्या वर्षापासून हा उपक्रम बंद, असं फेराइनने तिला सरळ सांगून टाकलं होतं. कारखाना पोटासाठी होता, घर सगळ्यांसाठी. तिचं स्वतःचं म्हणावं असं एवढं एकच होतं.

तारे टिपायचे तर चंद्र नको, म्हणजे अमावास्या हवी. इथेच घोडं पेंड खाई. अमावास्येला दिवेलागणीनंतर मनोरमाबाई घराबाहेर पाऊल टाकत नसत. येनाच्या फ्लॅटला उंबरठा नाही, म्हणून त्यांनी बाल्कनीचं दार ही हद्द ठरवली होती. आणि तिसरी कार्यशाळा आली नेमकी सर्वपित्री अमावास्येला.

दुपारी पितरांचं पान वाढून झालं, आणि सुनेत्रा कॅमेऱ्याच्या तिपाया गाडीत टाकू लागली तशा मनोरमाबाई म्हणाल्या, "आज तरी नको जाऊस. दोनदा फसलीस, दोन्ही वेळा अवसच होती."

सुनेत्राच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "अहो आई, ढगांना पंचांग कळत नाही! ते पश्चिमेकडून येतात. आधी आपल्या डोक्यावरून जातात, मग तीन-चार तासांनी तिकडे पोचतात. एवढंच असतं ते."

नागेश ड्युसेलडॉर्फला मीटिंगला गेला होता आणि अवनी मैत्रिणीकडे राहणार होती. म्हातारीला घरात एकटं टाकून आपण निघालो, हे सुनेत्राला आउटोबानच्या महामार्गाला लागल्यावर आठवलं. मग सबंध रस्ताभर तिला स्वतःचा राग येत राहिला.

वाळवंटात पोचली तेव्हा पश्चिम काळवंडलेली होती. नऊ शिकाऊ जमले होते. कॅमेरे तिपायांवर चढले, लाल बॅटऱ्या लागल्या, आणि तासाभरात आकाशावर गोधडी टाकावी तसे ढग पसरले. त्यात वारा सुटला. वाळू दातांत कचकचायला लागली. सुनेत्रा या तिपाईकडून त्या तिपाईकडे फिरत होती, लेन्स झाकायला सांगत होती, उगाचच हसत होती. ढगांना पंचांग कळत नाही हे तिला पक्कं ठाऊक होतं. तरीही आतून कोणीतरी म्हणत होतं, दोन्ही वेळा अवसच होती.

"आल्झो, तर मग," शिकाऊंमधले, रेल्वेतून निवृत्त झालेले क्र्युगर मोबाइल पुढे करत म्हणाले, "माझं अ‍ॅप सांगतंय, पहाटेपर्यंत ढग. झालं आपलं." दोघांनी तिपाया मिटायला सुरुवातही केली. आवरा म्हणायला सुनेत्राने तोंड उघडलं आणि तिचा फोन वाजला.

"अगं, इकडे ढग फाटले," मनोरमाबाई घाईघाईने सांगत होत्या. "समोरच्या छपरावर तो तुझा इंग्रजी एमसारखा दिसतो ना, काय त्याचं नाव, शर्मिष्ठा? तो आलाय. म्हटलं तुला कळवावं. आधी आपल्या डोक्यावरून जातात म्हणालीस ना?"

सुनेत्राने सगळ्यांना हाक मारली. "थांबा! येनाला आकाश मोकळं झालंय. ते इकडेच येतंय."

"कुठल्या मॉडेलप्रमाणे?" क्र्युगरनी विचारलं.

"माझ्या सासूबाईंच्या."

हशा झाला. तिघं तरीही निघून गेली. उरलेल्यांनी थर्मास उघडले आणि वाट बघणं सुरू झालं. तिचा जीव टांगणीला लागला होता. आईंच्या एका डोळ्यात मोतीबिंदू; त्यांनी विमान पाहिलं असेल तर? वारा मध्येच फिरला तर? ती वाळूत येरझारा घालत राहिली. क्र्युगर दर थोड्या वेळाने अ‍ॅप बघत आणि मान हलवत.

मध्यरात्र उलटून गेल्यावर पश्चिमेला एक फट पडली. फटीची खिडकी झाली, खिडकीचं अंगण झालं, आणि सहाही जणांच्या डोक्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत आकाशगंगा उभी राहिली. मग एकदम सगळे तिला हाका मारू लागले. हिचा फोकस, त्याचं एक्स्पोजर. सुनेत्रा धावत होती. क्र्युगरनी पहिला फोटो पडद्यावर पाहिला आणि कितीतरी वेळ ते नुसते "हो, हो" म्हणत राहिले. कार्यशाळा झाली होती. सुनेत्राला रडू आलं, आणि अंधार होता म्हणून तिने ते येऊ दिलं.

आई झोपल्या असतील असं वाटूनही तिने फोन लावला. पहिल्याच रिंगला तो उचलला गेला.

"आलं का गं आकाश?"

"आलं, आई. सगळं आलं." पलीकडे वाऱ्याचा आवाज येत होता. खाली रस्त्यावरून एक गाडी गेली, तीही ऐकू आली. "आई, तुम्ही आहात कुठे?"

"कुठे म्हणजे? बाल्कनीत. शाल घेतलीय अंगावर."

"आत्तापर्यंत? अवसेला?"

"मी आत गेले असते आणि परत झाकोळलं असतं, तर तुला कोण सांगणार होतं?"

"भीती नाही वाटली?"

"वाटतेय की अजून," मनोरमाबाई म्हणाल्या. "तू बोलत राहा."