हौद तेवढाच

आमचा मामा समुद्रातल्या तेलाचे प्लॅटफॉर्म बनवतो. लगेच "बापरे!" म्हणू नका. तो बनवतो लाकडाचे आणि पत्र्याचे. खरा प्लॅटफॉर्म बांधण्याआधी त्याचं छोटं मॉडेल हौदात तरंगवतात, यंत्राने लाटा सोडतात आणि कलंडतंय का ते बघतात. मामाचं मागणं एवढंच, की निवृत्त व्हायच्या आत आपलं खोल समुद्राचं एक तरी मॉडेल पाण्यात पडावं. आजवर एकही पडलं नव्हतं.

पूर्वी सोपं होतं. समुद्र उथळ, प्लॅटफॉर्मला पाय, पाय तळात ठोकलेले. मग कंपनी खोल पाण्यात शिरली. तिथे पाय पुरेनात, म्हणून प्लॅटफॉर्म तरंगता केला आणि साखळ्यांनी तळाशी बांधला.

गोची झाली हौदाची. त्याचा तळ काही खाली जात नाही! समुद्र दुप्पट खोल धरायचा, तर मॉडेल निम्मं करायचं, शिड्या-क्रेनसकट. पहिलं जेवणाच्या टेबलाएवढं होतं. रंग वाळतोय न वाळतोय तोच साहेब आले. साहेब नाकातून बोलतात आणि वाईट बातमीखाली आधी गादी घालतात.

"वा मिस्त्री! तत्त्वतः मंजूर. फक्त... तेल जरा आणखी खोल सापडलंय."

"जरा म्हणजे?"

"जरा म्हणजे... बरंच."

मॉडेल निम्मं झालं. मग पुन्हा निम्मं. ताटाएवढं होतं ते बशीवर आलं. मामाची बोटं केळ्यांएवढी. चिमट्याने शिडी चिकटवताना तो श्वास रोखायचा आणि घरातल्या सगळ्यांनाही रोखायला लावायचा. एकदा मामी शिंकली आणि क्रेन कपाटाखाली गेली.

"अहो, पुढचं मॉडेल काजळासारखं डोळ्यात घालायचं का?" मामी म्हणाली.

"हसा! तिकडे तेल खाली खाली पळतंय, इकडे माझ्या नशिबी भिंग! जेवायला वाढलंय का?"

"तत्त्वतः."



शेवटी बशीएवढ्या मॉडेलची चाचणी ठरली. मामा इस्त्रीचा शर्ट घालून गेला. साखळ्या तळाशी आधीच अडकवलेल्या होत्या. तो हौदावरच्या फळीवर ओणवा झाला, आणि नेमका साहेबांचा फोन वाजला.

"हो... हो का?... आणखी?"

मामाला तेवढा एक शब्द पुरला. त्याने मॉडेल पाण्यात सोडलं, कड्या खटाखट अडकवल्या आणि यंत्रवाल्याला ओरडून सांगितलं, "सोड लाटा!"

"मिस्त्री, थांबा! खोली बदलतेय!"

"बदलू द्या. हे ओलं झालंय."

लाट आली. मॉडेल वाकलं, डुचमळलं, साखळ्या ताणल्या, आणि ते पुन्हा ताठ उभं राहिलं. दुसऱ्या लाटेतही तेच. साहेबसुद्धा फोन कानाला लावून नुसते बघत राहिले.

घरी येऊन मामाने चपला भिरकावल्या.

"पडलं ना पाण्यात?" मामीने विचारलं.

"पडलं."

"तरलं?"

"तरलं! झकास तरलं!"

"मग तोंड का असं?"

"मोजलं नाही गं कोणी! यंत्रवाला म्हणतो, खोलीच चुकीची, तर आकडे कशाला घेऊ? अरे मेल्या, लाटा सोडल्यास ना? मग बटण दाबायला काय हात झडले होते तुझे?"

मामीने पाण्याचा ग्लास पुढे केला. मामा तो हातात धरून कितीतरी वेळ यंत्रवाल्याला शिव्या घालत राहिला.