गाडीला नव्हे, तुला

जगातले सगळे कायदे माणसाला कामाला लावतात. एकच कायदा असा आहे की तो माणसाला झोपवतो, असे आमचे मॅनेजर म्हणत. म्हणताना टेबलाच्या काचेवर बोट आपटत. ऐकणारा त्यामुळे जागा राही.

हुबळीच्या एका लॉरी कंपनीत मी टायपिस्ट होतो. मॅनेजरांनी वकिलीचा अभ्यास अर्ध्यावर सोडला होता, पण काळा कोट सोडला नव्हता. धारवाडच्या माळमड्डीहून रोज तो घालूनच येत. तुम्हीही असे कोट पाहिले असतील. आतला माणूस सापडायला जरा वेळ लागतो.

मोटार कामगारांचा कायदा आला तेव्हा त्यांनी ड्रायव्हरांना अंगणातल्या कडुलिंबाखाली जमवले.

"पाच तास काम झालं की निदान अर्धा तास विश्रांती. काय करायचं?"

"थांबायचं!" सगळे म्हणाले.

आणि खरेच थांबू लागले. थांबले की बॉनेट उघडत, रेडिएटरमध्ये पाणी ओतत, दोर आवळत, टायर ठोकून बघत आणि पुन्हा गाडीवर बसत.

"विश्रांती घेतलीस?" मॅनेजर विचारत.

"हौदरी, अण्णा, घेतली की. हात लावून बघा, इंजिन थंडगार आहे."

"गाडीला नव्हे रे, तुला! दोर आवळलास ते काम. टायर बघितलास ते काम. माल उतरेपर्यंत वाट बघत बसलास, तेही काम."

"मग विश्रांती कुठली?"

"जिच्यात तुझा कुणाला काही उपयोग नाही, ती."

हे एकट्या बसप्पाला पटले. मिरच्यांची पोती घेऊन तो कारवारला निघाला होता. सकाळचा बराच वेळ पोती भरून घेण्यात गेला, म्हणून यल्लापूरलाच त्याचे पाच तास भरले. पुढे घाट होता. बसप्पा थांबला आणि गाडीकडे पाठ करून झाडाखाली झोपला. कारवारला पोचला तेव्हा हमाल घरी गेले होते. माल दुसऱ्या दिवशी उतरला आणि व्यापाऱ्याने ट्रंक कॉल लावून मालकांना झाडले.

बसप्पा परतताच मालकांनी त्याला बोलावले. "उद्यापासून येऊ नकोस. घरीच झोप."

बसप्पाच्या घरी खाणारी तोंडे बरीच, कमावणारा तो एकटा. दारात जमलेले ड्रायव्हर त्याच्याकडे नव्हे, मॅनेजरांकडे बघत होते.

मॅनेजर उठले. आता हे कलमे म्हणू लागणार, म्हणून मी टाइपरायटर थांबवला. त्यांनी भिंतीवरचे घड्याळ पाहिले.

"मालक, एक वाजला. आपण सकाळपासून गादीवर आहात. आता जेवाल आणि पडाल."

"रोजच पडतो. मग?"

"आपल्याला कायद्याची सक्ती नाही, तरी पाळता. बसप्पाला सक्ती आहे, म्हणून त्यानं पाळला. सांगणारा मी. काढायचं तर मला काढा. पण झोपून उठल्यावर काढा. दमलेल्या माणसाचा इथं फार तर निर्णय चुकतो. घाटात वळण चुकतं."

दारात कोणीतरी हसले. मालकांनी मिशीवरून हात फिरवून स्वतःचे हसू लपवले.

"राहू दे बसप्पाला," ते उठत म्हणाले. "आणि आधी तुम्ही जेवा हो! तुम्हाला कधी स्वस्थ बसलेलं पाहिलं नाही."

ते खरे होते. एका हाताने डब्यातली भाकरी आणि दुसऱ्या हाताने कागद, असे मॅनेजरांचे जेवण. "माझं काय, मी बसूनच तर असतो," म्हणत.

काही वर्षांनी एका दुपारी ते आपल्या खुर्चीत, कोटातच गेले. डबा उघडायचा राहिला होता.

शोकसभा कडुलिंबाखाली झाली. मालकांना बोलताना दोनदा थांबावे लागले. शेवटी त्यांनी जाहीर केले, की मॅनेजरांच्या स्मरणार्थ आज कंपनीच्या सगळ्या गाड्या अर्धा तास विश्रांती घेतील.

इंजिने बंद झाली. बसप्पा तोंडावर पटका ओढून झाडाखाली आडवा झाला. बाकीच्या ड्रायव्हरांनी तेवढ्यात टायर बदलून घेतले.