बर्लिनमधली चौकशी

माकणी गावात कुणाच्या मुलीला स्थळ आलं, की पत्रिका बघायच्या आधी वीरप्पांना निरोप जायचा. त्यांचं दुकान कापडाचं, पण नाव झालं ते चौकशीमुळं. त्यांची रीत न्यारीच होती. मुलाच्या गावी न कळवता जायचं, त्याच्या गल्लीच्या तोंडाशी मोटारसायकल लावायची, पिशवी खाली ठेवायची आणि नुसतं उभं राहायचं. पाच मिनिटांच्या आत कुणी "ओ पाव्हणं, कुणाकडं आलाव? उन्हात कशाला थांबलाव?" असं विचारलं तर ठीक. कुणीच विचारलं नाही, तर मुलगा कलेक्टर का असेना, वीरप्पा तोंड फिरवून परत यायचे. "नवरा दिसभर कामावर असतोय," ते म्हणायचे. "लेकीला दिस काढायचा आसतो गल्लीसंगं." अशी त्यांनी चाळीसेक लग्नं जमवली होती आणि त्याचा त्यांना बराच तोरा होता.

त्यांची स्वतःची श्रीदेवी मात्र सासरी जायच्या ऐवजी नोकरीवर निघाली, तीही थेट बर्लिनला. नर्सिंग करून, जर्मन शिकून, परीक्षांमागून परीक्षा देत तिनं तीन वर्षं जिवाचं रान केलं होतं. तिथल्या इस्पितळानं दोन महिन्यांपुरती खोली दिली. पुढची आपली आपण शोधायची होती. पण दीड महिन्यातच पोरगी कोमेजली. एक दिवस फोनवर आईला, शिवकांताबाईंना, म्हणाली, "अव्वा, इथं कुणी कुणाचं न्हाई. ही खोली सुटली की म्या वापस येते."

शिवकांताबाईंनी डोळ्यांना पदर लावला. एवढी मेहनत एका खोलीपायी वाया जाणार? वीरप्पांनी फोन हातात घेतला. "येऊ नको असं म्हणत न्हाई बाई. पण एक शनिवार मला दे. गल्ली म्या बघतो."

त्या शनिवारी दुकानाच्या गादीवर नवरा-बायको फोन मांडून बसले. तिकडं श्रीदेवीनं कोटाच्या वरच्या खिशात फोन असा ठेवला, की कॅमेरा बाहेर डोकावेल. खोल्या तीन होत्या, तीन भागांत. प्रत्येक गल्लीत पिशवी खाली ठेवून तिनं उभं राहायचं आणि इकडं वीरप्पांनी घड्याळ बघायचं.

पहिली गल्ली इस्पितळाजवळची, उंच इमारतींची. दहा मिनिटांत एक माणूस कुत्रा घेऊन गेला. कुत्र्यानं पिशवी हुंगली, मालकानं पट्टा ओढला.

"कुत्र्यानं तरी इचारलं," शिवकांताबाई म्हणाल्या.

दुसरी गल्ली आपल्याकडच्या लोकांची. मसाल्यांची दुकानं बघून वीरप्पा सावरून बसले. पण तिथंही जो तो कानात वायरी घालून लगबगीनं निघून गेला. हे त्यांना फार लागलं.

"आपलीच माणसं ना गं ही?"

"आपलीच, अप्पा. पन ड्यूटी गाठायची आसती."

तिसरी गल्ली कालव्याकाठची, जुन्या घरांची. पाव तास गेला. एका खिडकीतून कुणीतरी बघितलं आणि पडदा ओढून घेतला. वीरप्पांनी घड्याळ काढून ठेवलं. एवढ्या चौकश्या केल्या, पण असा हात टेकायचा प्रसंग त्यांच्यावर आला नव्हता. "ये बाई घरी," ते म्हणाले. श्रीदेवीनं फोन बंद केला.

तासाभरानं तिचाच फोन आला. धाप लागली होती, पण आवाज खणखणीत.

"अप्पा, आपलं चुकलं. इथं परक्याला इचारणं म्हंजी भोचकपणा समजत्यात. म्हनून सगळी गप ऱ्हात्यात. मग म्याच इचारलं!"

"कुणाला?"

"त्याच गल्लीत एक म्हातारी कुंड्यांच्या मातीचं पोतं वढत चालली होती. म्हटलं, आजी, कुणाकडं निघालाव एवढं वझं घिऊन? तर थितंच थांबून बोलायला लागली. पोतं वर निऊन दिलं, तर कॉफी पाजली. नवरा गेलाय, लेक लांब आसतो. म्हनली, आठ दिवसांत माझ्यासंगं बोललेली तू पयलीच."

वीरप्पांचा जीव भांड्यात पडला. "मंग गल्ली चांगली हाय म्हन की!"

"न्हाई अप्पा, चांगली कुठली? आठ दिस म्हातारीला कुणी इचारलं न्हाई. म्हनून तर खोली घेते म्या. तिला इचारायला कुनीतरी पायजे की."

शिवकांताबाईंनी वीरप्पांच्या हातातून फोन ओढून घेतला आणि म्हातारीचं नाव काय, गुडघे दुखतात का, जेवायला काय करते, असं एकामागून एक विचारत सुटल्या.