बिस्किटांशेजारचा कागद

परिषदेच्या सचिव-शाखेत तिला सगळे टिपणबाई म्हणत. सभेत कोण काय बोललं ते टिपायचं, त्यातल्या शिव्या आणि जांभया गाळायच्या आणि उरेल त्याला ठराव म्हणायचं, हे तिचं काम. गाळल्यावर फारसं काही उरत नसे, म्हणून ती पदरची चार वाक्यं घालून कागद भरून काढी. शहराच्या कारभारात जी काही शहाणपणाची भाषा दिसे ती सगळी तिची होती. सतरा वर्षं हे चाललं होतं.

दरवर्षी परिषद शहराचा अग्रक्रम ठरवी. लोकांकडून सूचना मागवायच्या, आलेल्या पत्रांतून चाळीस कामं काढायची आणि चोवीस सभासदांनी त्यांतली दहा निवडायची. पत्रं वाचायची टिपणबाईने. यादी करायची तिनेच. काम का हवं, किती जणांना हवं, याचं एकेक पानाचं टिपणही तीच लिही. ही टिपणं सभेआधी आठवडाभर सभासदांच्या घरी पोचत. एका सभासदाची बायको एकदा तिला कौतुकाने म्हणाली होती, "तुमचा कागद छान जाड असतो हो. कपाटाच्या खणात अंथरला की वर्षभर बघायला नको."

यादीत बत्तीस नंबरला गेली नऊ वर्षं एकच काम होतं. भाजीबाजारात बायकांसाठी स्वच्छतागृह. पुरुषांनी बाजारामागची भिंत केव्हाच आपलीशी केली होती, त्यामुळे त्यांची अडचण नव्हती. टिपणबाईची नणंद त्याच बाजारात पालेभाजी विकायची. पहाटे जायची, दुपारी तीनला घरी यायची आणि तोवर पाण्याचा घोट घेत नसे. डॉक्टरने दिवसाला तीन लिटर पाणी प्यायला सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, "पिते की. तुम्ही या माझ्या जागेवर बसायला."

त्या वर्षी तिला तिसऱ्यांदा दवाखान्यात ठेवावं लागलं. पाच दिवस ताप उतरत नव्हता. टिपणबाई उशाशी बसून होती.

"वहिनी," नणंदेने विचारलं, "तू तिथंच असतेस ना गं? मग तुमची ती माणसं करतात तरी काय?"

टिपणबाईने खोटं बोलायचा विचार केला, पण तेवढी ताकद नव्हती. "ठिपके लावतात, ताई."

ते खरंच होतं. दोन वर्षांपूर्वी बाहेरून एक सल्लागार आला होता आणि निवड करायची आधुनिक पद्धत शिकवून गेला. चाळीस कामांचे चाळीस कागद सभागृहाच्या भिंतींवर लावायचे, प्रत्येक सभासदाला पाच लाल चिकट ठिपके द्यायचे आणि पटेल त्या कागदावर त्याने ते डकवायचे. बालवर्गात मुलं असंच करतात. फरक एवढाच, की मुलांना निदान चित्र कशाचं ते सांगता यावं लागतं.

पहिल्या वर्षी चहा-बिस्किटांचं टेबल दाराशी होतं आणि दाराशेजारची सगळी कामं निवडून आली. दुसऱ्या वर्षी किटलीचा प्लग बिघडला म्हणून टेबल समोरच्या भिंतीशी गेलं. ठिपकेही टेबलामागोमाग गेले आणि भटक्या कुत्र्यांची मोजणी सगळ्यांत वर आली. हा जनतेचा आवाज आहे, असं अध्यक्षांनी पत्रकारांना सांगितलं. टिपणबाईला शंका तेव्हाच आली होती. पण आपण ज्यांची भाषणं सुधारतो ती माणसं इतकी पोकळ असतील हे तिला मान्य करवेना. दवाखान्यातून परतल्यावर तिने दोन्ही वर्षांच्या सभांचे फोटो काढून शेजारी शेजारी ठेवले. मग मान्य न करून चालण्यासारखं नव्हतं.

कुठला कागद कुठे लावायचा, याचा नियम कुठेच लिहिलेला नव्हता. शिपाई विचारी, टिपणबाई सांगे. या वेळी तिने बत्तीस नंबरचा कागद बिस्किटांच्या ताटलीच्या वर, भिंतीवर बरोबर छातीच्या उंचीला लावायला सांगितला. परिषदेसमोरच्या कारंज्याचा, म्हणजे अध्यक्षांच्या लाडक्या कामाचा कागद खिडकीखाली, कुंडीच्या मागे गेला.

सभासद आले. डाव्या हातात कप, उजव्या हातात बिस्किट, करंगळीच्या टोकाला ठिपका. आपापसांत जमिनीच्या, जावयांच्या, गुडघेदुखीच्या गप्पा चालल्या होत्या. बोलता बोलता हात पुढे होई, ठिपका चिकटे आणि हात परत बिस्किटाकडे वळे. वीस मिनिटांत शहराचं वर्ष ठरलं.

मोजणी झाली. स्वच्छतागृहाला एकवीस ठिपके. कारंज्याला दोन. एक अध्यक्षांचा आणि एक त्यांच्या मेव्हण्याचा. दोघांनाही त्यासाठी वाकावं लागलं होतं.

"हे काय?" अध्यक्ष म्हणाले. "कारंजं कुठं गेलं? एकवीस जणांना संडास पाहिजे?"

कुणीही एवढंच म्हणायला हवं होतं, की साहेब, मी वाचलं नाही. पण तेवढं बोलायला जी चीज लागते ती त्या खोलीत नव्हती. अखेर निवृत्त मुख्याध्यापक उठले. घसा खाकरून म्हणाले, "माता-भगिनींचा प्रश्न माझ्या काळजाला भिडलेला आहे. मी विचारपूर्वक ठिपका दिला आहे."

वाट मोकळी झाली. मग प्रत्येकाने विचारपूर्वकच दिल्याचं निघालं. ट्रकवाल्या सभासदाने आपल्या आईचे कष्ट आठवून रुमाल डोळ्यांना लावला. ही आई थोरल्याकडे राहत होती आणि हा तिच्याकडे वर्षभरात फिरकला नव्हता, हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. वाऱ्याची दिशा बघून अध्यक्षही फिरले. "मी तर हे तीन वर्षांपासून सांगतोय," ते म्हणाले.

टिपणबाईने ते जसंच्या तसं उतरवून घेतलं. पदरचा एक शब्दही घातला नाही.

घरी जाताना तिला आनंद व्हायला हवा होता. त्याऐवजी ती मनात हिशेब मांडत गेली. सुट्टीच्या दिवशी बाजाराच्या तोंडाशी उभी राहून तिने दोनशे बारा बायका मोजल्या होत्या. डॉक्टरांची पत्रं जोडली होती. दर वर्षी नव्याने, जास्त चांगल्या शब्दांत टिपण लिहिलं होतं. नऊ वर्षं पालथ्या घड्यावर पाणी. आणि काम झालं ते कशाने, तर कागद चार हात सरकवल्याने. सभासदांची तिला कीव आली, पण त्याहून जास्त स्वतःची लाज वाटली. अशा माणसांना आपण शुद्ध मराठीचे कपडे शिवून देत होतो, म्हणूनच ती चारचौघांत उभी राहू शकत होती.

आठ महिन्यांत स्वच्छतागृह उभं राहिलं. चार खोल्या, नळ, आतून लागणाऱ्या कड्या. उद्घाटनाला अध्यक्ष दारात उभे राहून अर्धा तास बोलले. शेवटी नणंद पुढे झाली. "साहेब, जरा बाजूला व्हा. आम्हाला आत जायचंय." बायका हसल्या. आपल्या विनोदावर हसल्या असं समजून अध्यक्षही हसले. नणंद आता बाटली सोबत ठेवते आणि पिते.

पुढच्या सभेच्या महिनाभर आधी मुख्याध्यापक टिपणबाईच्या टेबलाशी आले. आवाज खाली आणून म्हणाले, "बाई, वाचनालयाचा कागद तेवढा चहाच्या बाजूला घ्या की." दुपारी ट्रकवाला आला, त्याला रस्त्याचा कागद तिथे लावून हवा होता. आठवड्यात नऊ जण येऊन गेले. म्हणजे गोम कळली होती सगळ्यांना. पण त्यावरून आपण कागद वाचावा, असं एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं.

"का हो, वाचनालय हवंय कशासाठी?" तिने मुख्याध्यापकांना विचारलं.

"ते तुम्ही लिहिता ना टिपणात," ते म्हणाले.

त्याच संध्याकाळी तिने बदलीचा अर्ज दिला. टेबल कुठे ठेवायचं यावर त्या वर्षी अडीच तास भांडण झालं, असं शिपायाने नंतर सांगितलं. शेवटी बिस्किटंच रद्द केली, अध्यक्षांनी हात वर करायला लावले आणि कारंजं एकमताने पहिलं आलं.

टिपणबाई आता जन्मनोंदीच्या खिडकीवर बसते. पहिल्याच आठवड्यात एक माणूस मुलीची नोंद करायला आला. तिने लिहिलेला कागद त्याने हातात घेतला, बोट ठेवून ओळन् ओळ वाचला आणि म्हणाला, "बाई, इथं वेलांटी पहिली पाहिजे."

ती त्याच्याकडे बघतच राहिली. मग वेलांटी दुरुस्त केली आणि त्याला म्हणाली, "उरलेलंही बघून घ्या. घाई नाही."