दक्षिणेकडे तोंड केलेले सोलर

पाणी तापवणाऱ्या सोलरच्या टाकीत क्षार साठतो, तसे कारखान्यात किस्से साठतात. वेळच्या वेळी खरवडले नाहीत, तर पाणी तापेनासे होते. कसबा बावड्यातल्या आमच्या सोलरच्या कारखान्यात इंग्रजी पत्रव्यवहार माझ्याकडे होता, कारण मी जुनी मॅट्रिक. बाकी सारे धाकटे दीर आप्पा पाहत. त्या किश्शांतले थोडे आज खरवडते.

*

नव्वदचे दशक सरत आले होते. आपले सोलर आता परदेशी पाठवायचे, असे आप्पांनी शिवाजी पेठेत तालमीच्या कट्ट्यावर जाहीर केले. एका जुन्या स्नेह्यांना ते पटले नाही.

"आप्पा, पलीकडच्या गल्लीत तुझं सोलर कोन घेईना, आन् समुद्रापल्याड कोन घेनार?"

"गल्लीत समदी वळखत्यात मला. म्हनून तर चाललोय."

*

दोन वर्षे पत्रे टाइप केल्यावर झांबियातला एक एजंट कारखाना पाहायला आला. त्याने चाचणीचे प्रमाणपत्र मागितले. आप्पांच्या मते बंबाची चाचणी एकच. त्यांनी पाहुण्याला टॉवेल दिला आणि न्हाणीघर दाखवले.

गृहस्थ यथेच्छ न्हाले. पाण्याची तोंडभरून स्तुती केली. मग टायची गाठ नीट केली आणि पुन्हा प्रमाणपत्र मागितले!

ते मिळवताना आप्पांनी इतके हेलपाटे घातले की दुसऱ्या कुणी नाद सोडला असता.

*

पहिली ऑर्डर आली ती तिथल्या एका प्रसूतिगृहाची. ती नीट पार पडली तरच पुढच्या, असे एजंटने बजावले होते. काच फुटू नये म्हणून आप्पांनी चंदगडहून भाताचे पिंजर आणवले आणि पेट्या ठासून भरल्या.

झांबियाच्या सीमेवर माल अडवला. परदेशी गवत देशात आणण्यास मनाई होती. त्यांनी पिंजर जाळले, तेव्हा कुठे पेट्या सुटल्या. मी ते पत्र वाचून दाखवले. आप्पांनी शांतपणे एवढेच विचारले, "काच फुटली न्हाय न्हवं?"

*

सोलर बसवायला आमचे शामू मिस्त्री गेले. आठवड्याने एजंटचा फोन आला. पाणी कोमट येते, तान्ह्या बाळांना अंघोळ घालता येत नाही. त्वरित दुरुस्ती करा, अन्यथा सारा माल परत आणि पुढचे सगळे रद्द.

आप्पांनी लगेच मिस्त्रींना फोन लावला. मिस्त्री म्हणाले, सारे ठाकठीक आहे, तोंड होकायंत्र लावून दक्षिणेला केले आहे. आमच्याकडे आजवर प्रत्येक सोलर दक्षिणेलाच तोंड करून बसले होते.

मी कपाटातून नकाशा काढून आप्पांपुढे ठेवला. झांबिया विषुववृत्ताच्या खाली. तिथे सूर्य बहुतेक वर्षभर उत्तरेच्या अंगाने जातो.

"शामू, समदं उचल आन् उत्तरेला फिरव."

"मालक, आपल्यात उत्तरेला कोन करतंय?"

"आता आपन आपल्यात न्हाय रं."

चार दिवसांनी एजंटचा पुन्हा फोन आला. पाणी इतके कढत येई की प्रसूतिगृहात आता गार पाण्याचे विसण घ्यावे लागत होते. आणि दुसरी ऑर्डर तयार होती, केनियाची.

मिस्त्री परतल्यावर आप्पांनी त्यांना नकाशा दाखवला. विषुववृत्ताची रेघ केनियाच्या बरोबर मधून गेली होती. मिस्त्रींनी ती बोटाने दोनदा चाचपली.

"मालक, मग हितं तोंड कुनीकडं करायचं?"

आप्पांनी नकाशाची घडी घातली.

"वैनी," ते म्हणाले, "शामूचं केनियाचं तिकीट काढा. तितं जाऊनच बघंल त्यो."