न पाहिलेलं जहाज

पृथ्वी गोल आहे, हे मी पंधरा वर्षं शिकवत आलो. एकदा ते शिकवताना मी खोटं बोललो. गोष्ट खरीच होती, खोट्याची काही गरज नव्हती, आणि म्हणूनच त्याची लाज अजून जात नाही.

ब्रह्मपुरीपासून जीपने पाऊण तासावर, धुरे, म्हणजे बांध, घातलेल्या धानाच्या बांध्यांमध्ये, भातखाचरांमध्ये, आमची शाळा आहे. पाचवीचा वर्ग व्हरांड्याला लागून. शाळेची खिचडी शिजवणाऱ्या बाई तिथेच सूप घेऊन तांदूळ निवडत बसायच्या आणि निवडता निवडता माझा धडा ऐकायच्या. त्या स्वतः कधी शाळेत गेल्या नव्हत्या. मला त्यांचं कौतुक वाटायचं, पण ते किती वरवरचं होतं हे एका दुपारी कळलं.

मी टेबलावरचा पृथ्वीचा गोल फिरवून दाखवत होतो. बाईंनी हात थांबवला आणि दारातूनच विचारलं, "गुरुजी, बांधीत पानी भरलं का या धुऱ्यापासून त्या धुऱ्यावरी सपाट रायते. दुनिया गोल असती त मधात फुगलं नसतं काय?"

प्रश्न अस्सल होता. जन्मभर चिखलात उभं राहून धानाच्या रोपांचा रोवणा केलेल्या माणसालाच तो पडू शकतो. मला उत्तर येत नव्हतं. पुस्तकात होतं तेवढंच मला येत होतं. अडलेला मास्तर करतो तेच मी केलं, चेष्टा. म्हणालो, बाई, तुम्ही तांदूळ फुगवा, पृथ्वीचं मी पाहतो. वर्ग खो खो हसला. बाईंची मुलगी त्याच वर्गात होती, तीही हसली.

बाई हसल्या नाहीत. तुम्ही स्वतः पाहिलं आहे काय, एवढंच त्यांनी मला विचारलं.

पाहिलं ना, मी ठोकून दिलं. मुंबईच्या समुद्रावर उभा होतो, लांब जाणाऱ्या जहाजाचं आधी बूड दिसेनासं झालं, मग वरचा भाग. साध्या डोळ्यांनी स्वच्छ दिसतं, असंही वर जोडलं. तोवर मी नागपूरच्या पलीकडे गेलो नव्हतो. बाईंनी मान डोलावली आणि पुन्हा तांदळात हात घातला.

उन्हाळ्याच्या तोंडाशी बाई खिचडीचं काम जावेकडे देऊन गावातल्या बायांबरोबर मिरची तोडायला तेलंगणात गेल्या. तिथून टोळी आणखी खाली आंध्रात गेली, आणि एका सुट्टीच्या दिवशी ठेकेदाराने सगळ्यांना समुद्र दाखवायला नेलं. परत आल्यावर बाईंनीच हे मला सांगितलं. बाकीच्या बाया पाण्यात खेळत असताना त्या दुपारभर वाळूत बसून होड्या पाहत राहिल्या. एकाही होडीचं बूड आधी गेलं नाही. होडी लहान लहान होत ठिपका झाली आणि सगळीच्या सगळी नाहीशी झाली.

"माहे डोळे गेले, गुरुजी," त्या म्हणाल्या.

खिचडीचं काम त्या आता कायमचं सोडणार होत्या. तांदळातला खडा दिसला नाही आणि पोरांच्या दाताखाली आला तर, ही त्यांची भीती.

खरं तेव्हाच सांगायचं होतं. पण धुकं असेल बाई, असं म्हणून आणि ब्रह्मपुरीच्या नेत्रशिबिराचा दिवस सांगून मी वेळ मारून नेली. तिथल्या डॉक्टरांनी डोळे उत्तम आहेत म्हणून त्यांना परत पाठवलं. बाईंचा विश्वास बसेना. डॉक्टरने भिंतीवरचा कागद दाखवला, जहाज थोडंच दाखवलं, असं त्यांचं म्हणणं. डॉक्टरांपेक्षा आणि स्वतःच्या डोळ्यांपेक्षा त्यांना माझा शब्द मोठा वाटत होता. कुणी चारचौघांत शिव्या दिल्या असत्या तरी मी इतका ओशाळलो नसतो. तरी तोंड उघडलं नाही. शाळेला सुट्ट्या लागेपर्यंत तांदूळ जाऊच निवडत होती आणि बाई नुसतं पाणी भरत होत्या.

मे महिन्यात सासरच्या मंडळींबरोबर पुरीला गेलो. दर्शन त्यांनी घेतलं, मी समुद्रावरच होतो. दोन दिवस वाळूत उभा राहिलो. होडी ठिपका व्हायची आणि धुरकट हवेत नाहीशी व्हायची. बाईंनी पाहिलं होतं अगदी तेच. तिसऱ्या दिवशी लॉजमधल्या एका गृहस्थांची दुर्बीण मागून घेतली. तिच्यातून एका होडीवरची माणसं दिसली, झेंडा दिसला, पण होडीचं बूड नव्हतं. माणसं पाण्यावरच बसलेली. धावत लॉजच्या गच्चीवर गेलो तर वरून बूड दिसलं. पुन्हा खाली आलो, पुन्हा वर गेलो. मेहुणा विचारायला लागला, भाऊजी, काय हरवलं तुमचं? पाणी मधे फुगलेलं होतं. बांधीएवढ्या जागेत ते कळत नाही, इतकंच. चाळिशी उलटल्यावर मी पहिल्यांदा स्वतः काही पाहिलं होतं, आणि आनंद व्हायच्या ऐवजी मला रडू आलं.

जूनमध्ये शाळा उघडली त्याच दिवशी मी बाईंना वर्गात बोलावलं. जी मुलं त्या दुपारी हसली होती, ती आता सहावीत होती. त्यांनाही आणून बसवलं. सगळं सांगितलं. समुद्र मी तेव्हा पाहिलाच नव्हता. तुमचे डोळे चांगले आहेत बाई, खोटा मी होतो. दुर्बिणीचं आणि गच्चीचंही सांगितलं.

बाईंनी विचारलं, "मंजे दुनिया गोलच हाय?"

"गोलच हाय, बाई."

"मंग खोटं काऊन बोलले? खरंच होतं त."

पंधरा वर्षांच्या नोकरीत मला इतका साधा प्रश्न कुणी विचारला नव्हता.

दुसऱ्या दिवसापासून बाई तांदूळ निवडायला लागल्या. अजूनही मला गुरुजीच म्हणतात आणि पहिली वाटी माझ्याच पुढे ठेवतात. फक्त मी काही सांगितलं की त्या घरी जाऊन मुलीला विचारतात, पुस्तकात पाहून सांग, खरं हाय काय.